चार घरी चार नकला

लेकरांनो, 2023 च्या दिवाळीच्या आगेमागे आपल्या गेवराई तालुक्यात घरोघरच्या संदुका उघडल्या गेल्या. पलीकडे अंबड तालुक्यात अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणासाठी उपोषण झालं, सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या निजामकाळच्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. पहिल्या टप्प्यात पावणेदोन कोटींच्या आसपास कागद तपासले गेले आणि नोंदी निघाल्या साडेअकरा हजार. आरक्षण कोणाला मिळावं, किती मिळावं, हा विषय मोठा आहे. मला आज फक्त कागदाबद्दल सांगायचं आहे, कारण त्या दिवसांत चकलांब्यापासून उमापूर-मादळमोहीपर्यंत एकच गोष्ट दिसली. सरकारी दप्तरात नाव सापडत होतं, पण ते नाव आपल्याच पणजोबाचं, हे दाखवणारा दुवा घरात सापडत नव्हता.

हा दुवा तहसीलमध्ये मिळत नाही. तिथे ‘अमुक वल्द तमुक’ एवढंच लिहिलेलं असतं, पुष्कळदा आडनावही नसतं. हा अमुक म्हणजे आमच्या आज्याचा चुलता, त्याला दोन लेक, धाकट्याची ही शाखा, हे फक्त घरचा माणूस सांगू शकतो. आणि घरचा माणूस गेला की लिहून ठेवलेला कागद. म्हणून पहिला कानमंत्र हा, की घरची वंशावळ आणि सरकारी नक्कल ही जोडी आहे. एक असून दुसरी नसली तर काम अडतं.

दाखले काढताना आपल्याकडे चार तारखा विचारल्या जातात, त्या प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवाव्यात अशा आहेत. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. या तारखांच्या आधीचा पुरावा हवा असतो. वंजारी असो, बंजारा असो, धनगर असो की कुणबी, पुष्कळांच्या घरात त्या तारखेच्या आधीचा एखादा तरी कागद कुठेतरी असतो. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा, 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक, एखादं खरेदीखत, सेतवाराची नक्कल. तो कागद कोणत्या पेटीत आहे ते घरातल्या किमान तिघांना ठाऊक पाहिजे.

आता जपायचं कशावर आणि कशात. इथे मी जरा थांबून सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं आणि तेही काळजीपोटी होतं.

जुना कागद हातात आला की आपला माणूस तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात जातो आणि लॅमिनेशन करून आणतो. चकचकीत दिसतं, पाणी लागत नाही, समाधान वाटतं. हे करू नका. लॅमिनेशनमध्ये कागद गरम रुळांतून जातो आणि प्लास्टिक वितळून त्याच्या धाग्याधाग्यात बसतं. ते पुन्हा कधी निघत नाही. जुन्या शिक्क्याची शाई त्या उष्णतेने पसरू शकते. कागदात आधीच ओल असेल तर ती आतच कोंडते आणि डाग वाढत जातो. उद्या कोणी अधिकारी किंवा जाणकार कागदाचा पोत आणि शिक्क्याचा ठसा बोटाने पाहू म्हणाला, तर त्याच्या हाती प्लास्टिकच लागतं. सेलोटेपचंही तेच. दहा-पंधरा वर्षांत टेप पिवळी पडून गळून जाते, पण तिचा चिकट डाग अक्षरावर राहतो. फाटलेला कागद जोडायचाच असेल तर मागून पातळ, साध्या कागदाची पट्टी गव्हाच्या किंवा तांदळाच्या खळीने लावा. खळ पाण्याने सुटते, म्हणून पुढच्या माणसाला ती काढून पुन्हा नीट करता येते.

टाचणी, स्टेपलरची पिन, लोखंडी क्लिप, जे काही गंजतं ते काढून टाका. कागद घडी करून ठेवू नका. घडी पडलेल्या जागीच तो पहिल्यांदा तुटतो, आणि नेमकं नाव घडीवर असतं.

प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले कागद पाहिले की जीव कासावीस होतो. आपल्या पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात तापमान चाळिशीच्या वर जातं, पावसाळ्यात भिंतींना ओल येते, आणि गाठ मारलेल्या पिशवीत ही ओल अडकून बुरशी धरते. जुन्या लोकांची रीत बरी होती. कागद सुती फडक्यात गुंडाळायचे, त्याला रुमाल म्हणायचे, आणि फळीवर ठेवायचे. पेशवे दप्तरातले कागद असेच रुमालांत बांधलेले होते. सुती कापडातून हवा खेळते. रुमाल लोखंडी पेटीत ठेवला तरी चालेल, पण पेटी जमिनीवर नको आणि भिंतीला टेकवून तर मुळीच नको. वाळवी जमिनीतून आणि भिंतीतूनच येते. पेटीखाली विटा किंवा घडवंची ठेवा, मागे वीतभर मोकळी जागा सोडा. सुकलेली कडुनिंबाची पानं किंवा वेखंड कापडाच्या पुरचुंडीत बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवा, कागदाला चिकटवू नका, आणि दर वर्षी बदला. ओला पाला घातला तर तोच बुरशी आणतो.

माळवदाच्या घरात पेटीवर एक उलटं घमेलं किंवा पत्रा ठेवायला विसरू नका. माळवद कुठून गळेल ते पावसाशिवाय कळत नाही.

2025 च्या सप्टेंबरात बीड जिल्ह्यात जो पाऊस झाला त्याने पुष्कळांची कपाटं भिजवली. म्हणून भिजलेल्या कागदाचंही सांगून ठेवतो. उन्हात वाळवू नका, ते वेडेवाकडे होऊन तडकतात. चिकटलेली पानं ओढून वेगळी करू नका. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, स्वच्छ सुती कापडावर पसरा आणि खालचं कापड बदलत राहा. दोन दिवसांच्या आत वाळले नाहीत तर बुरशी धरते. गठ्ठा मोठा असेल आणि हात कमी असतील तर तो पिशवीत घालून थेट डीप फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीत बुरशी थांबते आणि मग सवडीने थोडे थोडे काढून वाळवता येतात. पिशवीचा उपयोग एवढ्यापुरताच. जगभरचे ग्रंथपाल पुरानंतर हेच करतात, आणि आपल्याकडे आता आइसक्रीमच्या दुकानातही फ्रीजर असतो.

नवीन लिहायचं ते कशावर लिहावं? आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. दासोपंतांचा काळ 1551 ते 1615. त्यांनी आपला ग्रंथ कापडावर लिहिला, चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद. चारशे वर्षं होऊन गेली तरी ती पासोडी आहे. त्या काळची शाई काजळीची असायची, आणि काजळी म्हणजे कार्बन. तो उन्हाने उडत नाही. कागदही चिंध्यांपासून हाताने केलेला असायचा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात असा कागद शतकानुशतकं होत आला. आजचा वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल असतं, म्हणून तो काही वर्षांत पिवळा पडून कुडकुडीत होतो.

तुम्हाला पासोडी लिहायची गरज नाही. कोर्टाच्या कामाला वापरायचे तो जाड लेजर पेपर स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. पुण्याच्या हातकागद संस्थेत, जी 1940 पासून चालू आहे, चिंध्यांचा कागद मिळतो. दुकानदाराच्या खतावणीची लाल कापडी चोपडीही चांगली. पेन घेताना साधा बॉलपेन नको. वेष्टनावर पिगमेंट इंक आणि वॉटरप्रूफ असं लिहिलेलं काळं पेन घ्या. खात्री करायची सोपी रीत आहे. एका कागदावर चार ओळी लिहा. अर्धा भाग पाण्यात बुडवून पाहा. दुसरा अर्धा महिनाभर खिडकीत उन्हात लावून ठेवा. जी शाई दोन्हीतून तरली तीच चोपडीला वापरा. झेरॉक्सच्या पुडीतला काळा रंगही कार्बनचा असतो, म्हणून चांगल्या कागदावर काढलेली झेरॉक्स पुष्कळ टिकते. घरच्या इंकजेट प्रिंटरची छापील प्रत मात्र थेंबभर पाण्याने पसरू शकते. दुकानाच्या यंत्रातून गुळगुळीत कागदावर निघणारी पावती तर वर्षा-दोन वर्षांत कोरी होते. अशी पावती महत्त्वाची असेल तर त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा.

फोटोंचा मंत्र छोटा आहे. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, काठाला, नाव लिहा. समोर कोण बसलं आहे हे आज आजीला माहीत आहे, उद्या कोणाला असेल? पेन वापरू नका, त्याचा दाब आणि शाई पुढे उमटते. काळ्या-पांढऱ्या जुन्या फोटोंपेक्षा 1970-80 च्या काळातले रंगीत फोटो लवकर विटतात, म्हणून फोटोंच्या नकला काढताना आधी रंगीत घ्या. फ्रेमच्या काचेला फोटो चिकटला असेल तर सोलून काढू नका, काचेसकट फोटो घ्या.

मोबाइलबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी दोन गोष्टी ऐका. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो पाठवला की तो बारीक होतो, जुनी मोडी त्यात वाचता येत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दुसरं, गूगलचं खातं दोन वर्षं कोणी उघडलं नाही तर कंपनी ते बंद करून आतलं सगळं पुसू शकते, हा त्यांचा 2023 पासूनचा नियम आहे. पुण्यातल्या मुलाने आजोबांच्या नावाने खातं काढलं, सगळे कागद त्यात टाकले, आणि पुढे कोणी उघडलंच नाही, तर काय राहिलं? पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, सीडी, यांतलं काहीही न पाहता दहा-वीस वर्षं ठेवण्यासारखं नाही. वापरा जरूर. मी त्याच्या विरोधात नाही. पण जे वाचायला यंत्र लागत नाही तो कागद मूळ धरा, आणि यंत्रातलं सगळं त्याची नक्कल धरा.

आवाजाचंही तसंच आहे. हेमा रायरकर आणि गी पॉइतवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर. 1996 साली त्यासाठी आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले. ध्वनिफितीचं यंत्र आता घरोघर दिसतही नाही. ते आवाज आज ऐकू येतात, कारण कोणीतरी ते वेळीच संगणकावर उतरवले आणि ओव्या शब्दशः लिहून काढल्या. तुम्ही आजीचं बोलणं मोबाइलमध्ये घ्या, आणि त्याच आठवड्यात ते चोपडीत उतरवा.

आजीला विचारताना सन विचारू नका. सन तिला सांगता येणार नाही. विचारा की रझाकाराच्या धामधुमीत तू केवढी होतीस, पोलीस ॲक्शन झाली तेव्हा लग्न झालं होतं का, नाथसागरात पाणी आलं तेव्हा कोण लेकरू कडेवर होतं, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण गेलं. पोलीस ॲक्शन म्हणजे सप्टेंबर 1948. नाथसागराचं, म्हणजे जायकवाडीचं धरण 1976 साली पुरं झालं. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993. अशा खुणांवरून वर्ष बरोबर बसतं. शाळेच्या दाखल्यावरची 1 जून ही तारीख मात्र खरी धरून चालू नका. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजींना जन्मतारीख कोणी सांगायचं नाही, मग 1 जून पडायची. दाखल्यावरची तारीख आणि घरची आठवण, दोन्ही शेजारी शेजारी लिहा आणि कोणती कुठली ते नोंदवा.

जुन्या कागदांवर फसली सन असतो. त्यात 590 मिळवा. फसली 1340 म्हणजे 1930-31. शके असेल तर 78 मिळवा. मोडी किंवा उर्दू कागद वाचून घेतला तर ते वाचन वेगळ्या कागदावर लिहा, वाचणाऱ्याचं नाव आणि तारीख घाला. मूळ कागदावर एक काना-मात्रासुद्धा लिहू नका. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, जे इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1910 साली उभं केलं, तिथे मोडीचे वर्ग चालतात. घरातल्या एका मुलीने किंवा मुलाने ती लिपी शिकून घेतली तर सगळ्या भावकीचं काम होईल. राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरून कागद गोळा करत. त्यांनी छापलेल्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड झाले, ते अशा घरांनी जपलेल्या कागदांवर.

वंशावळीत बायकांची नावं घाला. जुनी वंशावळ पाहिली तर बापाखाली लेक, लेकाखाली नातू, आणि ज्यांनी ही लेकरं वाढवली त्यांचा पत्ता नाही. प्रत्येक सुनेचं माहेरचं नाव, गाव, भावाचं नाव लिहा. प्रत्येक लेकीचं सासर लिहा. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आईचं नाव लावायचा सरकारी नियम झाला, तुम्ही मागच्या पाच पिढ्यांना तो लावा. शिवाय याचा रोकडा उपयोग आहे. आपल्याकडचा कागद जळाला, बुडाला तर आत्याच्या सासरी लग्नाची यादी, पत्रिका, फोटो सापडतो. माणसाला गावात हाक मारायचे ते नावही उर्फ करून लिहा. दाखल्यावरचं आणि गावातलं नाव वेगळं असल्याने किती फायली परत आल्या, ते गावातल्या कोणालाही विचारा.

आता ज्यासाठी एवढं सांगितलं ते ऐका. कागद टिकतो तो पेटीमुळे कमी आणि नकलांमुळे जास्त. आपल्या भागात भावाभावांत वाटणी झाली की पहिलं भांडण पेटीवरून होतं. ज्याच्या हाती पेटी, तो दुसऱ्याला कागद दाखवत नाही. काही घरांत रागाच्या भरात कागद जाळलेही गेले. शहाणा शेतकरी सगळं बियाणं एकाच कणगीत ठेवत नाही, तसं करा. मूळ कागद एका घरी असू द्या, पण वंशावळीची आणि प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची एक नक्कल प्रत्येक भावाकडे, एक लेकीच्या सासरी, एक जिल्ह्याबाहेर राहणाऱ्या नातेवाइकाकडे. वाटणी व्हायच्या आधीच द्या. नंतर देता येत नाही. तहसीलची आणि भूमी अभिलेखची प्रमाणित नक्कल काढून ठेवा, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खताची नक्कलही मिळते. सरकारी दप्तर जळू शकतं, भिजू शकतं, पण तुमच्या चार घरांबरोबर एकाच दिवशी नाही.

मूळ कागद साहेबाला दाखवायचा, टेबलावर सोडून यायचा नाही. तो म्हणेल ठेवा, बघतो. त्याला झेरॉक्स द्या आणि मूळ हातात घेऊन या. घेतलाच तर पोच घ्या.

ऊसतोडीला, कोयत्यावर जाणाऱ्या लेकरांसाठी वेगळं सांगतो. दिवाळीच्या आगेमागे घराला कुलूप लागतं ते पाच-सहा महिने. त्या दिवसांत बंद घरात वाळवी मोकळी असते. मूळ कागद कोपीवर नेऊ नका, तिथे पाऊस, चूल, बैल, सगळंच आहे. बंद घरातही ठेवू नका. जो मागे राहतो, म्हातारा-म्हातारी, भाऊ, विश्वासाचा शेजारी, त्याच्याकडे रुमाल देऊन जा आणि सोबत नकला घ्या. उचलीच्या बदल्यात मूळ कागद कोणाकडेही ठेवू नका, मुकादम सख्खा नातेवाईक असला तरी. पैसे फिटतील, कागद परत येईलच असं नाही.

वर्षातून एक दिवस रुमाल सोडायचा ठरवा. मी अक्षय्य तृतीया सांगतो. पितरांची नावं त्या दिवशी घेतलीच जातात, हवा कोरडी असते, टोळ्या गावी परतलेल्या असतात. पानं उलटा, वाळवी-कसर पाहा, पाला बदला, मोबाइलमधली नक्कल उघडते का ते बघा, वर्षभरात जन्मले-गेले त्यांची नावं चोपडीत घाला. हे काम मोठ्याने नावं वाचत करा, म्हणजे लहान लेकरांच्या कानावर पडतं.

घरात ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर अक्षय्य तृतीयेची वाट पाहू नका. याच आठवड्यात त्यांच्याजवळ बसा, चार नकला करा आणि त्यांतली एक बहिणीच्या सासरी पोचती करून तिच्याकडून पोचल्याचा निरोप घ्या.